नक्षीआधी भोक बघा: क्रिसच्या मुठीचं वय कसं काढायचं

तुमचा प्रश्न आणि सोबतचे सहा फोटो नीट बघितले. इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. तुमचे आजोबा मराठा पलटणीत होते आणि १९४५-४६ मध्ये जावाला, सुरबायात होते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत त्यांच्या लोखंडी ट्रंकेत एक कोरीव मूठ सापडली, क्रिसची, म्हणजे इंडोनेशियातल्या पारंपरिक कट्यारीची. लांबी साडेनऊ सेंटिमीटर, रंग पिवळसर तपकिरी, अंगभर वेलबुट्टी, एका बाजूला मुकुट आणि त्याखाली पंखांचा घोडा. पातं नाही, म्यान नाही. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याने ती ‘तीनशे वर्षांपूर्वीची, राजघराण्यातली’ असं सांगून विकत मागितली. हे खरं आहे का, नसेल तर मूठ किती जुनी, आणि एखाद्या चाचणीने तारीख कळेल का, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

तीनशे वर्षं नाहीत, एवढं मी खात्रीने सांगतो. फोटोंवरून माझा कल साधारण १८६० ते १९२० या काळाकडे आहे आणि मूळ ठिकाण म्हणून जावाशेजारच्या मदुरा बेटाकडे. पण तुम्ही पाठवलेल्या सहा फोटोंमध्ये जो एक फोटो मला सगळ्यात आधी हवा होता तोच नाही. मुठीचा तळ आणि त्यातलं भोक. ते दिसेपर्यंत माझं उत्तर अर्धंच आहे. असं का, ते सविस्तर सांगतो, कारण जुन्या मुठी बघताना बहुतेक लोक सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात.

मी गेली बावीस वर्षं जुनी शस्त्रं आणि हाड, शिंग, हस्तिदंत यांच्या वस्तू दुरुस्त करतो. त्यातली बरीच वर्षं इंडोनेशियातल्या क्रिसने खाल्ली. जावात मूठ आणि म्यान बनवणाऱ्याला ‘म्रांगी’ म्हणतात, पातं घडवणाऱ्या लोहाराला ‘एम्पू’. या दोन वेगळ्या जाती-धंद्यांसारख्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या प्रश्नाची गुरुकिल्ली इथेच आहे.

आपल्याकडे तलवारीची मूठ लाखेने बसवतात. लाख तापवून आत ओतली, पात्याची शेपटी खुपसली, थंड झालं की दोन्ही एकजीव. त्यामुळे आपल्या शस्त्रांत मूठ आणि पातं पुष्कळदा एकमेकांसोबत म्हातारी होतात. क्रिसमध्ये तसं नाही. पात्याच्या खालच्या बारीक दांडीला ‘पेसी’ म्हणतात. तिच्यावर दोरा किंवा चिंधी गुंडाळायची, मूठ तिच्यावर घट्ट दाबून बसवायची, झालं. हलका पीळ देऊन मूठ काढता येते आणि ती दर वर्षी काढली जाते, कारण जावात सुरो महिन्यात, म्हणजे आपल्या मोहरममध्ये, घरातली पाती लिंबाच्या रसाने धुऊन त्यांना सोमलाचं पाणी देण्याची प्रथा आहे. मूठ-म्यान हा पात्याचा पोशाख समजतात. मालकाचा हुद्दा वाढला, लग्न ठरलं, पातं एका गावातून दुसऱ्या गावी गेलं, की पोशाख बदलतो. सोळाव्या शतकातल्या पात्यावर १९३० सालची मूठ असणं तिथे अगदी नेहमीचं आहे, आणि त्यात फसवणूक काहीच नाही.

म्हणून ‘ही मूठ किती जुनी’ या प्रश्नात मला तीन वेगळे प्रश्न दिसतात. ज्या दातापासून किंवा हाडापासून ती केली ते किती जुनं? ती कोरली कधी? आणि ती शेवटची वापरली कधी? या तिन्हींची उत्तरं शंभर-शंभर वर्षांनी वेगळी येऊ शकतात. तुम्हाला हवं आहे ते मधलं. दुर्दैवाने तेच सगळ्यात अवघड, कारण कारागीर मुठीवर साल लिहीत नसे. म्हणून मी कधीच एक आकडा सांगत नाही. दोन हद्दी सांगतो: हिच्या आधीची नाही, आणि हिच्या नंतरची नाही.

आता भोकाबद्दल, कारण तिथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो.

नक्षी ही बघणाऱ्यासाठी केलेली असते. कारागिराने तिच्यावर मेहनत घेतली, नक्कल करणाऱ्यानेही तिच्यावरच मेहनत घेतली. भोकाच्या आत कुणी बघणार नाही असं दोघांनाही वाटतं. म्हणून खरं तिथे राहतं. दहा पटीचं भिंग आणि एक बारीक टॉर्च घ्या. पहिली गोष्ट, भोकाचा आकार. जुन्या पद्धतीत सामत्याने किंवा हाताच्या गिरमिटाने भोक पाडत, मग पेसीच्या आकाराप्रमाणे ते आत निमुळतं करत. भिंती थोड्या वेड्यावाकड्या असतात, आतला तळ गोलसर किंवा खडबडीत. मशीनच्या ड्रिलने पाडलेलं भोक वरपासून खालपर्यंत एकसारखं रुंद असतं, भिंतीवर समान अंतरावरचे गोल आटे दिसतात आणि तळाशी स्वच्छ शंकू.

दुसरी गोष्ट, गंज. पातं मुठीत वर्षानुवर्षं राहिलं तर पेसीचा गंज हाडात किंवा दातात झिरपतो. तो भिंतीवर ठिपक्यांनी, एका बाजूला जास्त, तोंडाशी गडद असा असतो. नंतर ओतलेलं गंजाचं पाणी सगळीकडे सारखं पसरतं, पावसाळ्यात भिंतीला ओल धरते तसं. तिसरी गोष्ट, तोंडाची कड. दर वर्षी पीळ देऊन काढलेल्या मुठीची कड आतून गुळगुळीत झिजलेली असते, कधी एका बाजूला थोडी लंबगोल. भोकाभोवती जिथे ‘मेंडाक’ म्हणजे धातूचं वळं बसायचं तिथे हलका गोल ठसा दिसतो, त्याच्या आतला भाग बाहेरच्यापेक्षा फिकट. चांदीचं किंवा पितळेचं वळं वर्षानुवर्षं टेकल्याशिवाय हा ठसा येत नाही.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक सांगतो. पुण्यात एका गृहस्थांनी माझ्याकडे राक्षसाच्या आकाराची हस्तिदंती मूठ आणली होती. गडद तपकिरी रंग, डोळ्यांच्या खोबणीत काळा मळ, कपाळावर चीर. मी कागदावर ‘अठरावं शतक’ असं लिहून दिलं. पंधरा दिवसांनी नवं वळं बसवायला ती पुन्हा माझ्या टेबलावर आली, आणि वळ्याचं माप घेताना भोकात टॉर्च गेला. आत चकचकीत, समान आटे. एवढ्यावर मी निकाल दिला नसता, कारण जुन्या मुठीचं भोक नव्या पात्यासाठी नंतर कुणी मशीनने मोठं केलेलं असू शकतं. पण आटे तळापर्यंत गेले होते, गंजाचा मागमूस नव्हता, आणि मग नक्षीत परत बघितलं तेव्हा राक्षसाच्या केसांच्या रेघांमध्ये फिरत्या बरचे, म्हणजे मशीनच्या कोरायच्या टोकाचे, गोल दाते दिसले, जे मी पहिल्यांदा बघितलेच नव्हते. मूठ फार तर तीस वर्षांची होती. मी त्या गृहस्थांना फोन करून माझा कागद परत मागितला. तेव्हापासून भोक बघितल्याशिवाय मी नक्षीकडे बघत नाही.

दुसरा अनुभव आनंदाचा. मदुरेच्या पूर्व टोकाला सुमेनेपजवळ एका म्हाताऱ्या म्रांगीच्या ओसरीवर बसलो होतो. त्याने गिऱ्हाइकाची शिंगाची मूठ पीळ देऊन काढली. पेसीभोवती चिंधी होती आणि चिंधीखाली घडी केलेला छापील कागद. त्याने तो फेकला नाही, उलगडून मला दिला. बोटभर तुकडा, अर्धी वाक्यं, पण ‘उ’ या स्वरासाठी रोमनमध्ये ‘ओ’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरं. इंडोनेशियात ही लेखनपद्धत १९४७ साली बदलली आणि एकच अक्षर आलं. म्हणजे तो कागद १९४७ च्या आधी किंवा त्या सुमारास छापलेला. त्यावरून मूठ कधी कोरली ते कळत नाही. जुना कागद नंतरही कुणी वापरू शकतो. पण ती मूठ आणि ते पातं एकत्र आल्याचा काळ समोर आला, आणि तोही कुणा व्यापाऱ्याच्या शब्दावर नव्हे. म्हाताऱ्याने नवी चिंधी गुंडाळली आणि तो कागद पुन्हा तसाच आत ठेवला.

भोकानंतर तळाचा सपाट भाग. मूठ कशाची आहे ते तिथेच कळतं, कारण वर नक्षीने आणि चमकेने सगळं झाकलेलं असतं. हस्तिदंत आडवा कापला की त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेघांची जाळी दिसते. हत्तीच्या दातात बाहेरच्या कडेकडे या रेघा विशालकोनात छेदतात, सरासरी ११५ अंशांहून जास्त. मॅमथ या हत्तीच्या नामशेष नातलगाच्या दातात लघुकोनात, ९० च्या खाली. हाडाला ही जाळी नसते. त्याऐवजी आडव्या कापावर बारीक काळे ठिपके आणि उभ्या अंगावर तुटक काळ्या रेघा दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा असतात. प्लास्टिकच्या नकलेत उभ्या रेघा फार सरळ आणि फार समान असतात, आणि ओतीव रेझिन असेल तर भिंगाखाली कुठेतरी हवेचा बुडबुडा सापडतोच. तापलेल्या सुईची परीक्षा मात्र करू नका. वस्तूला कायमचा डाग पडतो आणि त्यातून कळायचं ते भिंगानेही कळतं.

मॅमथचा उल्लेख मुद्दाम केला. सायबेरियातून येणारा मॅमथचा दात आज बालीत कोरला जातो. तंपाकसिरिंगच्या परिसरात हाड आणि दात कोरणारी घरंच्या घरं आहेत आणि त्यांचं काम उत्तम असतं. अशी मूठ हातात घेतली तर माल हजारो वर्षांचा आणि कोरीवकाम मागच्या पावसाळ्यातलं. दोन्ही गोष्टी खऱ्या, आणि वयाच्या प्रश्नाला दोन्हींतून उत्तर नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत मुठीच्या पोटाशी मला उभ्या, लांब, किंचित लाटांसारख्या रेघा दिसतात, तुटक नाहीत. म्हणून माझा अंदाज हस्तिदंताचा आहे, हाडाचा नाही. पण पक्कं तळाच्या फोटोवरच सांगेन.

आता रंग. व्यापारी सगळ्यात जास्त भर देतात तो रंगावर, आणि सगळ्यात कमी विश्वासाचा पुरावा तोच. हस्तिदंत अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात फिकट राहतो. तुमची मूठ १९४६ पासून, म्हणजे सुमारे ऐंशी वर्षं, बंद ट्रंकेत होती. तेवढ्यानेच हा पिवळेपणा येऊ शकतो. त्यासाठी तीनशे वर्षं लागत नाहीत. शिवाय चहाने, धुराने, पोटॅशियम परमॅंगनेटने रंग चढवता येतो. चढवलेला रंग खोबणीत साचतो आणि चिरांच्या आतही गडद असतो, कारण द्रव आधी तिथेच शिरतो. वापराचा रंग याच्या उलट असतो, जिथे तळवा लागतो तिथे मधासारखा, आणि खोल कोपऱ्यात फिकट. चिरांचंही तसंच. वयाची चीर दाताच्या उभ्या रेघेने जाते, एक किंवा दोन, लांब. तापवून आणलेल्या चिरा आखूड, पुष्कळ, आणि वाटेल त्या दिशेने. तुमची चीर एकच आहे, वळ्याच्या जागेपासून वर मुकुटापर्यंत गेलेली. ती नैसर्गिक वाटते.

रंगापेक्षा झीज मला जास्त सांगते. क्रिस जावात आणि मदुरेत कमरेला मागच्या बाजूला खोचतात, त्यामुळे मुठीची एक बाजू अंगाला आणि कपड्याला घासत राहते. हातात धरण्याचा प्रसंग फार कमी. म्हणून खऱ्या वापराच्या मुठीत एका बाजूच्या पाकळ्या मऊ, दुसऱ्या बाजूच्या धारदार, आणि दोन्हीकडे खोल रेघा जशाच्या तशा असतात. बफ मशीनने केलेली झीज सगळीकडे सारखी गोलाई देते आणि खोबणीच्या कडाही पुसते. तुमच्या तिसऱ्या आणि पाचव्या फोटोंत हा फरक मला दिसतो. घोड्याच्या बाजूला पंखांच्या रेघा पोटाशी जवळजवळ मिटल्या आहेत, आणि मागच्या बाजूची पानं अजून बोटाला टोचतील इतकी तीक्ष्ण आहेत. ही मूठ कुणीतरी वर्षानुवर्षं कमरेला लावली होती. व्यापाऱ्याने सांगितलेल्या राजघराण्यापेक्षा मला ही गोष्ट जास्त मोलाची वाटते.

कोरणीच्या खुणांबद्दल थोडक्यात. हाताच्या कोरणीने काढलेली रेघ इंग्रजी ‘व्ही’सारखी, एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला विरत गेलेली असते. मशीनच्या बरने काढलेली रेघ तळाशी गोल, दोन्ही टोकांना गोल, आणि आत बारीक थरथरीचे दाते. जुन्या कामाची शेवटची घासणी तिथे ‘आंप्लास’ नावाच्या झाडाच्या खरखरीत पानाने होई. आपल्याकडे कोकणात खरवतीची पानं लाकूड घासायला वापरत तसंच, आणि दोन्ही झाडं उंबराच्या कुळातली. पानाने घासलेल्या पृष्ठभागावर बारीक रेघा असतात पण त्या वळणांबरोबर वळतात, सॅंडपेपरच्या रेघांसारख्या सरळ जात नाहीत.

आणि आता नक्षी, जिथून सगळे सुरुवात करतात. तुमच्या मुठीची शैली मदुरेची आहे. संग्राहक तिला ‘दोनोरिको’ म्हणतात: गच्च वेलबुट्टी आणि तिच्यात मुकुट, पदकं, झेंडे, कधी तोफा अशी युरोपीय चिन्हं. पंखांचा घोडा मात्र घरचा आहे. सुमेनेपच्या जोको तोले या वीराच्या कथेतला तो उडता घोडा आहे आणि आजही सुमेनेपचं चिन्ह आहे. डच मुकुट आणि मदुरेचा घोडा एकाच मुठीवर का, याला इतिहास आहे. मदुरेच्या राजांनी १८२५ ते १८३० च्या जावा युद्धात डचांच्या बाजूने फौज दिली आणि पुढे मदुरेची पलटण डचांच्या दिमतीला राहिली. पदकं, बिरुदं, गणवेश हे सगळं तिथल्या दरबारी नजरेत आलं आणि मग कोरणीत उतरलं. पामेकासानचं राज्य १८५८ साली खालसा झालं, सुमेनेपचं १८८३ साली, बांगकलानचं १८८५ साली. दरबार गेले तरी कारागीर राहिले, आणि अधिकारी घराण्यांसाठी हेच काम विसाव्या शतकातही चालू राहिलं.

यातून काय मिळतं? फक्त पलीकडची हद्द. १७२० च्या सुमाराच्या मदुरी मुठीवर मी असा मुकुट आणि घोड्याची अशी मांडणी कधी पाहिली नाही, त्यामुळे व्यापाऱ्याची तीनशे वर्षं नक्षीलाच मान्य नाहीत. पण नक्षी अलीकडची हद्द कधीच सांगत नाही, कारण जुना नमुना उद्याही कोरता येतो. सुमेनेपजवळच्या आएंग तोंग-तोंग गावात आजही शेकडो माणसं क्रिसच्या कामावर जगतात आणि आजोबांचा नमुना नातू हुबेहूब काढतो. तो नातू कुणालाही फसवत नसतो, त्याची परंपराच तशी आहे. ‘मनुष्याकृती मूठ म्हणजे इस्लामपूर्व, वेलबुट्टी म्हणजे इस्लामोत्तर’ हा नियमही पुस्तकी आहे. जावाच्या उत्तर किनाऱ्यावर राक्षसाच्या मुठी इस्लाम आल्यानंतरही शतकभर आणि जास्त मानाने वापरात होत्या.

वय ठरवायला शेवटी खुंट्या लागतात, म्हणजे साल पक्कं माहीत असलेल्या मुठी. त्या मिळतात नोंदींतून. कोपनहेगनच्या राजसंग्रहाची १६७४ सालची यादी आहे. १८३७ साली लायडनला सुरू झालेल्या संग्रहालयाच्या नोंदवह्यांत वस्तू कधी आली ते लिहिलेलं असतं. बटाव्हियाच्या विद्वत्सभेचा संग्रह आज जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. बालीच्या सोन्या-माणकांच्या मुठींसाठी शेजारच्या लोंबोक बेटावरचं १८९४ चं आणि बालीतली १९०६, १९०८ ची युद्धं या दुःखद पण पक्क्या खुंट्या आहेत, कारण तिथून डचांनी नेलेल्या वस्तू त्या तारखांच्या आधीच्याच असणार. २०२३ साली नेदरलँड्सने इंडोनेशियाला परत केलेल्या वस्तूंत लोंबोकचा खजिना आणि बालीतल्या क्लुंगकुंग राज्याचा एक क्रिसही होता. मी एखादी मूठ बघतो तेव्हा मनात ती अशा खुंट्यांना लावून बघतो.

आणि तुमच्याकडे स्वतःची एक खुंटी आहे, जी भल्याभल्या संग्राहकांकडे नसते. ब्रिटिश-हिंदी फौज ऑक्टोबर १९४५ मध्ये सुरबायाला उतरली. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान तिच्यात होते. १० नोव्हेंबरला तिथे जी मोठी लढाई पेटली तिचा दिवस इंडोनेशियात आज ‘वीर दिन’ म्हणून पाळतात. १९४६ संपण्याआधी ही फौज जावातून बाहेर पडली. सुरबायाच्या समोर अरुंद खाडीपलीकडे मदुरा आहे, आज तिथे साडेपाच किलोमीटरचा पूल आहे. त्या गोंधळाच्या वर्षात मदुरी मूठ सुरबायाच्या बाजारात किंवा एखाद्या घरात मिळणं अगदी शक्य होतं. म्हणजे ट्रंक खरी असेल तर मूठ १९४६ च्या नंतरची नाही. शिवाय झीज सांगते की आजोबांकडे येण्याआधी ती बरीच वर्षं वापरात होती. नक्षी १९ व्या शतकाच्या अलीकडे ओढते, झीज १९४६ च्या मागे ढकलते. या दोन्हींच्या मध्ये माझे १८६० ते १९२० येतात.

हे ‘ट्रंक खरी असेल तर’ तुम्हालाच तपासायचंय. घरात मोठ्यांना विचारा: नंतर कुणी बालीला फिरायला गेलं होतं का? ट्रंकेत कुणी मागाहून वस्तू ठेवल्या का? आजोबांचं सुटीचं पुस्तक, डिस्चार्जचे कागद, पत्रं, फोटो असतील तर त्यांच्या तारखा लिहून ठेवा, आणि मूठ कुठल्या कापडात, कुठल्या वस्तूंच्या शेजारी सापडली तेही. आजीला किंवा आत्याला एखादं वाक्य आठवत असेल, तर ते त्यांच्याच शब्दांत, आजच्या तारखेसह उतरवा. पुढे कुठलाही जाणकार यालाच सगळ्यात जास्त वजन देईल.

चाचणीबद्दल. कार्बनची चाचणी करता येते, पण त्यासाठी वस्तूतून तुकडा काढावा लागतो, आणि उत्तर मिळतं ते हत्तीचं, कारागिराचं नव्हे. त्यातही १६५० ते १९५० या काळात कार्बनचा आलेख इतका सपाट आणि वळणावळणाचा आहे की ‘या तीनशे वर्षांत कुठेतरी’ एवढंच हाती लागतं. १९५० च्या दशकानंतर अणुस्फोटांच्या चाचण्यांमुळे हवेतला कार्बन-१४ वाढला, त्यामुळे त्यानंतरचा दात स्पष्ट ओळखू येतो. ती शंका तुमच्या बाबतीत ट्रंकेनेच दूर होते, मग मुठीला भोक कशाला पाडायचं? नोटा तपासायच्या अतिनील टॉर्चखाली ताजा कापलेला हस्तिदंत निळसर पांढरा आणि जुना पृष्ठभाग पिवळसर, डागाळलेला चमकतो. नंतर केलेली दुरुस्ती किंवा खरवड यात चटकन दिसते. ही परीक्षा घरी करायला हरकत नाही.

विकण्याबद्दल स्पष्ट सांगतो. ही मूठ हस्तिदंताची निघाली तर ती विकता येणार नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनुसार आपल्याकडे हस्तिदंताचा व्यापार बंद आहे, मग वस्तू कितीही जुनी असो. वारशाने आलेल्या वस्तूबद्दल तुमच्या जिल्ह्याच्या वनविभागात जाऊन विचारा आणि जे काही कराल ते लेखी करा. आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू पुरावस्तू कायद्याखाली येतात, म्हणून परदेशातल्या नातेवाइकांकडे ती पाठवण्याचा विचार असेल तर तोही परवानगीशिवाय करू नका. त्या व्यापाऱ्याला ‘कागद काय देणार’ एवढं विचारलंत तर त्याच्या तीनशे वर्षांचं काय होतं ते दिसेल.

दरम्यान मूठ धुऊ नका, खोबरेल लावू नका, लिंबू-चिंच तर अजिबात नको. खोबणीतला मळ काढू नका, तो पुरावा आहे. धुतलेल्या मांजरपाटाच्या तुकड्यात सैल गुंडाळा. एसीच्या झोतापासून आणि मुंबईच्या पावसाळी खिडकीपासून लांब, लाकडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवा. पुन्हा त्याच ट्रंकेत ठेवलीत तरी चालेल, तिथे तिने ऐंशी वर्षं काढली आहेत.

मला आता चार फोटो हवे आहेत. दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, तळाचा सरळ समोरून एक. टॉर्च तिरका धरून भोकाच्या आतला एक. वळ्याच्या जागेचा बाजूने एक. आणि घोड्याच्या पंखाजवळच्या रेघांचा, मोबाइलला भिंग लावून, जितका जवळून जमेल तितका एक. सोबत पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. भोकात दोरा, चिंधी किंवा कागदाची घडी दिसली तर चिमटा लावू नका. आहे तशीच राहू द्या आणि तिचाच एक फोटो जास्त पाठवा.